वाचकांचे प्रश्न : पक्क्या लायसन्सच्या चाचणीपूर्वी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वाहन चालवण्याच्या प्रत्यक्ष चाचणीविषयीची आहेत आणि तिन्ही आपल्या सीमाभागातली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण अनेक घरांत असते आणि ती सहसा कोणी उघडपणे सांगत नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील ३८ वर्षांची गृहिणी आहे. शिकाऊ लायसन्स मिळून तीन महिने झाले. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस दिवस शिकले, तेथे गाडी व्यवस्थित चालत होती. चाचणीत मात्र चढावर थांबवलेली गाडी मागे घसरली, मी घाबरून क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. शिवाय साहेबांच्या कन्नड सूचना पटकन न समजल्याने मी भलत्याच बाजूला वळले. सासूबाईंना उपचारासाठी वरचेवर बेळगावला न्यावे लागते, म्हणून शिकण्याची निकड आहे. पुन्हा चाचणी कधी देता येईल आणि तयारी कशी करावी?

उत्तर : ताई, नियम प्रथम सांगतो. नापास झालेल्या उमेदवाराला सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते; मात्र तीन चाचण्यांत यश आले नाही, तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असल्याने आपल्या हाती अजून तीन महिने आहेत. आठव्या दिवशीच जाण्याची घाई करू नये, दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास सराव करून मगच तारीख घ्यावी, असे माझे मत आहे.

‘स्कूलमध्ये गाडी व्यवस्थित चालत होती’ हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या आसनापुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. शिकवणाऱ्याचा पाय त्यांवर असतो आणि गाडी बंद पडणार किंवा घसरणार असे दिसताच तो नकळत सावरून घेतो. मी स्वतः शिकत होतो तेव्हा एके दिवशी शिकवणाऱ्यांनी दोन्ही पाय आसनावर घेतले आणि पुढच्या दहा मिनिटांत माझी गाडी चार वेळा बंद पडली. तोवरचे माझे निम्मे चालवणे त्यांच्या पायाने झालेले होते, हे मला त्या दिवशी कळले. आपलेही तसेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून उरलेला सराव घरच्या, साध्या गाडीवर करावा. मात्र पक्के लायसन्स असलेली व्यक्ती शेजारी बसलेली असलीच पाहिजे आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ लावलेला असला पाहिजे.

आता चढाविषयी. ब्रेकवरचा पाय उचलल्यापासून इंजिन गाडीचा भार घेईपर्यंत जो क्षण जातो, त्या क्षणात गाडी मागे येते. तो क्षण हँडब्रेकने भरून काढायचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधराव्या नियमात उमेदवाराकडून ज्या कृती अपेक्षित आहेत, त्यांत चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे ही एक आहे, त्यामुळे ती टाळण्याची सोय नाही. सुरुवात सपाट जागेवर करावी. पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला अजिबात न शिवता, क्लच इतका सावकाश सोडावा की गाडी मुंगीच्या चालीने हलू लागेल. हलताच क्लच पुन्हा दाबून थांबावे. हे रोज तीस-चाळीस वेळा केले की क्लच नेमका कोठे ‘धरतो’ ते तळपायाला पाठ होते. त्यानंतर सौम्य उतार असलेला, रहदारी नसलेला डांबरी रस्ता निवडावा. हँडब्रेक ओढून थांबावे, पहिला गिअर टाकावा, क्लच धरण्याच्या जागेपर्यंत आणावा, किंचित ॲक्सिलरेटर द्यावा, आणि इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट जरासे उचलल्यासारखे वाटले की मगच हँडब्रेक खाली करावा. गाडी बंद पडलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला आणावा आणि शांतपणे पुन्हा सुरू करावी. बंद पडण्यापेक्षा त्यानंतरची गडबड अधिक नुकसान करते. आपल्याकडच्या पावसात तांबड्या मातीच्या वाटा निसरड्या होतात, तेथे हा सराव नको. चोर्ला घाटात तर मुळीच नको; पाठीमागे मालट्रक उभा असताना कोणी क्लच शिकत नाही.

यासोबत मान वळवून पाहण्याची सवय लावून घ्यावी. निघण्यापूर्वी आरसे लावणे, वळण्यापूर्वी आधी आरशात पाहणे आणि मग इंडिकेटर देणे, रिव्हर्स घेताना मागच्या काचेतून पाहणे, या गोष्टी परीक्षक पाहत असतात, आणि गाडी अरुंद जागेत मागे नेणे हाही चाचणीचा भाग आहे.

भाषेविषयी आपण संकोचाने लिहिले आहे, पण संकोचाचे कारण नाही. मराठीवरचे आपले प्रेम आणि चालू गाडीत दोन कन्नड शब्द कळणे यांत विरोध नाही. ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे आणि ‘बलक्के’ म्हणजे उजवीकडे. आपल्या बाजूच्या बोलीत शेवटचा स्वर बदलून ‘एडक्क’, ‘बलक्क’ असेही ऐकू येईल. ‘मुंदे’ म्हणजे पुढे, ‘हिंदे’ म्हणजे मागे, ‘निल्लिसि’ म्हणजे थांबवा. ‘निधान’ हा शब्द विशेष लक्षात ठेवावा, कारण मराठी कानाला तो ‘निदान’ असा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ ‘हळू’ असा आहे. शेजारी बसणाऱ्याला सरावाच्या वेळी याच शब्दांत सूचना द्यायला सांगावे, म्हणजे आठवड्याभरात अर्थ न आठवता हात आपोआप वळतील. तरीही चाचणीत एखादी सूचना कळली नाही, तर अंदाजाने वळू नये. गाडी हळू करून ‘पुन्हा सांगता का’ असे विचारावे.

प्रश्न : मी बेळगावात टिळकवाडीत राहते. माझ्याकडे स्कूटर आहे, पुढे भावाची मोटरसायकलही चालवायची आहे. स्कूटरवर चाचणी दिली तर चालेल का? ‘आठ’ काढताना पाय टेकतो, त्यालाही उपाय सांगावा.

उत्तर : चालणार नाही. बिनगिअरची आणि गिअरची दुचाकी हे लायसन्सचे दोन वेगळे वर्ग आहेत आणि ज्या वर्गासाठी अर्ज केला, त्याच प्रकारच्या वाहनावर चाचणी द्यावी लागते. मोटरसायकल चालवायची असेल, तर शिकाऊ लायसन्सपासूनच गिअरचा वर्ग मागावा.

पाय टेकण्याचे कारण बहुधा नजर हे असते. पुढच्या चाकाकडे पाहिले की तोल जातो. आठाच्या ज्या बाजूला पुढे जायचे आहे, तिकडे मान आधी वळवावी. ॲक्सिलरेटर थोडा आणि एकसारखा ठेवून वेग मागच्या ब्रेकने हलकेच आवरावा, वळणात पुढचा ब्रेक दाबू नये. हेल्मेट सरावातही घालावे आणि त्याचा पट्टा बांधावा.

प्रश्न : मी निपाणीचा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. माझे मामा कागलला राहतात आणि सुट्टीत तेच मला कार शिकवतात. कर्नाटकातील शिकाऊ लायसन्सवर महाराष्ट्रात सराव करता येतो का? चाचणीही तिकडेच द्यावी का?

उत्तर : सराव करता येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या तेराव्या कलमानुसार शिकाऊ असो वा पक्के, लायसन्स संपूर्ण भारतात चालते. मामांकडे कारचे वैध लायसन्स असावे आणि त्यांनी शेजारीच बसावे, मागच्या आसनावर नाही. हँडब्रेकपर्यंत त्यांचा हात पोचला पाहिजे. चाचणीसाठी मात्र ज्या राज्यात आपण राहता किंवा जेथील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकता, त्या राज्यातच अर्ज करावा लागतो, म्हणून आपल्याला चिक्कोडीचे कार्यालय सोयीचे. शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्यावर तारीख घेता येते. चाचणीला न्यायच्या गाडीची नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती आदल्या आठवड्यातच तपासाव्यात.

निपाणी ते कागल हा राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. पहिले काही आठवडे त्या रस्त्यावर गाडी मामांनी चालवावी आणि गावाजवळच्या रस्त्यावर पोचल्यावर आपण स्टिअरिंग घ्यावे. गळीत हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. म्हणून हंगामात सराव उजेडीच करावा. अशी ट्रॉली पुढे आली, तर तिच्यामागे भरपूर अंतर ठेवून चालावे, आणि ट्रॅक्टरच्याही पुढचा मोकळा रस्ता दिसेपर्यंत ओव्हरटेकसाठी गाडी बाहेर काढू नये.