पेंढा भिंतीत घालावा की गोठ्यात?

मागच्या महिन्यात या सदरात पेंढ्याच्या गासड्या विटांसारख्या रचून, दोन्ही बाजूंनी माती-चुन्याचा गिलावा देऊन उभ्या केलेल्या घरांबद्दल लिहिलं होतं. फोटो आवडल्याचं बऱ्याच जणांनी कळवलं. त्यातले काही जण थेट बांधायलाच निघालेत, म्हणून त्यांचे प्रश्न आधी घेतो.

भाताचा पेंढा घरचाच आहे. त्याच्या भिंती केल्या तर घर जवळजवळ फुकटात होईल ना? – एक वाचक, भोर

नाही होणार. पाया, छप्पर, दारं-खिडक्या, वायरिंग, संडास-बाथरूम यांना पेंढ्याशी काही देणंघेणं नाही, आणि पैसा बहुतेक तिथेच जातो. भिंतीत थोडं वाचतं, तेही तुम्ही स्वतः आणि घरची चार माणसं राबलात तर.

दुसरं म्हणजे, तुमच्याकडचा पेंढा झोडून काढलेला, हाताने बांधलेल्या पेंढ्यांचा असणार. भिंतीला बेलरने, म्हणजे गासड्या बांधायच्या यंत्राने, दाबलेली चौकोनी गासडी लागते, साधारण 36 इंच लांब, 18 रुंद आणि 14 उंच. गोल गासड्यांचा उपयोग नाही. पाचशे चौरस फुटांच्या बैठ्या घराला दारं-खिडक्या वजा जाता सव्वादोनशे ते अडीचशे गासड्या धरा. फुटतुटीच्या वीसेक वर.

विकत घेताना एकेक गासडी सुतळीला धरून उचला. सुतळीखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत, गासडी मधे वाकू नये. कोरडी असेल तर पंधरा-सतरा किलो भरते. पंचवीस भरली तर तुम्ही पाणी विकत घेताय! धान्याला वापरतात तसा ओलावा मोजायचा मीटर मिळतो, त्याची लांब सळई पोटात खुपसा. 20 टक्क्यांच्या वर आकडा गेला की ती गासडी गोठ्यात. मीटर नसेल तर मधोमध हात घाला. श्रावणात उडवीच्या पोटात हात घातल्यावर जी ऊब आणि जो आंबूस वास येतो, तो इथे आला तर सौदा मोडा.

वेळापत्रक मात्र तुमच्या बाजूचं आहे. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे मेपर्यंत कोरडे महिने हातात असतात. पण खांब, तुळया आणि छप्पर आधी, भिंत नंतर. माझ्या एका कामात छप्पर लांबलं, गासड्या ताडपत्रीखाली होत्या आणि एप्रिलात वळीव आला. वरून थेंब शिरला नाही. खालून जमिनीची ओल चढली आणि खालचे दोन थर काळे पडले. फळ्यांवर रचायचं सुचलं नाही, ही चूक माझीच.

आणि गुरं असतील तर उन्हाळ्याच्या वैरणीचा हिशेब आधी करा.

चिरा आणि त्याची वाहतूक, दोन्ही महाग झालंय. कोकणात पेंढ्याचं घर टिकेल का? – रत्नागिरी

मी बांधणार नाही आणि तुम्हालाही बांधू देणार नाही.

ही पद्धत जन्मली कुठे ते पाहा. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. तिथे झाडं नव्हती, माती इतकी रेताड की तिचे चौकोन कापून भिंती रचणंही जमेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गासड्या बांधायची यंत्रं आली तेव्हा वसाहतवाल्यांनी रानातल्या गवताच्या गासड्या रचून घरं केली. एका शाळेच्या भिंतींना गिलावा नव्हता म्हणून ती गायींनी खाल्ली, असं सांगतात. तिथल्या आर्थर गावातलं 1928 चं चर्च अजून उभं आहे. फ्रान्समध्ये मोंतार्जीला 1920 चं घर आहे, लाकडी सांगाडा आणि मधे पेंढा. पण नेब्रास्काच्या त्या भागात वर्षाला पाऊस पडतो साधारण 500 मिलिमीटर. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर.

त्यातही खरा शत्रू वरून पडणारा पाऊस नाही. रुंद वळचण ठेवली, जोतं दोन-अडीच फूट उचललं की पागोळ्या लांब पडतात. झड अडवायलाही आपल्याकडे झावळ्यांचे झाप बांधायची रीत आहेच. तुमचा घात करते ती हवा. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे नव्वदीच्या आसपास राहते, आणि अशा हवेत नुसतं ठेवलेलं काडसुद्धा विसाच्या पुढे ओलावा ओढून घेतं. भिंतीला वाळायला उसंतच मिळत नाही. ओल आत राहू नये म्हणून सिमेंटचा गिलावा द्यावा असं कोणी सुचवेल. तो आणखी वाईट. त्याला केसाएवढी भेग पडणारच. तिथून पाणी आत जातं, पण वाफ होऊन बाहेर पडत नाही. बाहेरून भिंत टणटणीत दिसते आणि आत खत होत असतं.

चिऱ्याचा खर्च कमी करायचा तर बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या ठेवा आणि आतल्या आडभिंतींना कूड घाला. पेंढा बारीक कापून मातीच्या गाऱ्यात कालवा, आजीने लिंपलं तसं लिंपा.

1993 चा भूकंप आम्ही पाहिलाय. पेंढ्याचं घर हादऱ्याला कसं वागतं? आणि आगीचं काय? – लातूर जिल्हा

किल्लारीला माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड, जड भिंतींखाली. पेंढ्याची भिंत तेवढीच जाड असून वजनाने कितीतरी हलकी असते, आणि कोसळण्याआधी लवते. 2005 च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात अशी छोटी घरं बांधली गेली. त्याच पद्धतीचं खऱ्या मापाचं घर 2009 मध्ये अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या हलत्या मंचावर जोरात हलवून पाहिलं. त्याचं नुकसान झालं, पण ते पडलं नाही. मात्र जोत्यापासून छपरापर्यंत सगळं एकमेकांना बांधलेलं हवं. नुसत्या रचलेल्या गासड्यांना हे लागू नाही. तुमच्याकडचा पाऊसही या भिंतीला झेपणारा आहे. हे पत्र मला सगळ्यांत जास्त पटलं.

आगीचं म्हणाल, तर सुटा पेंढा भडकतो, दाबलेला आणि लिंपलेला नाही, कारण आत हवाच खेळत नाही. अमेरिकेतल्या चाचण्यांत मातीच्या गिलाव्याची भिंत एक तास आणि चुना-सिमेंटच्या गिलाव्याची दोन तास आगीसमोर टिकली. धोका बांधकाम चालू असताना असतो. पायाखाली पेंढ्याचा कचरा आणि शेजारी वेल्डिंग. रोज संध्याकाळी झाडून घ्या आणि गिलावा होईपर्यंत विडीवाल्याला कुंपणाबाहेर बसवा.

पुण्यात दीड गुंठ्याचा प्लॉट आहे. पश्चिमेची भिंत दुपारी तापते. पेंढा बरा पडेल का? – धायरी

उष्णता अडवायला पेंढा विटेपेक्षा कितीतरी सरस आहे. पण गिलाव्यासकट भिंत एकवीस इंचांची होते. नऊ इंची विटेच्या जागी चारी बाजूंनी ती घातली तर नव्वद फुटांच्या परिघाला नव्वद चौरस फूट, म्हणजे एक आख्खी खोली भिंतीत जाते. दीड गुंठ्यात हे परवडत नाही. पश्चिमेला ओळीने झाडं लावा, आणि आधी स्लॅबकडे बघा. तुमचं घर बहुधा भिंतीपेक्षा वरूनच जास्त तापत असेल.

उंदीर आणि वाळवी? – सिन्नर

उंदीर दाण्यासाठी येतो. नीट मळणी झालेल्या काडात त्याला फार काही मिळत नाही. तरी खालच्या थराला बारीक जाळी आणि गिलाव्याची प्रत्येक भेग वेळच्या वेळी बुजवणं हवंच. वाळवीसाठी जोत्यात सलग काँक्रीटचा पट्टा ठेवा आणि भिंतीला टेकून मातीचा ढीग, सरपण, कुंड्या काहीही ठेवू नका.

आम्ही न्यू मेक्सिकोत पेंढ्याच्या भिंतींचं तयार घर घेतोय. काय बघावं? – सँटा फे

हवा कोरडी आहे, निम्मी लढाई तिथेच जिंकलीत. उरलेलं खिडक्यांच्या कट्ट्याखाली, बाथरूमच्या भिंतीत आणि गच्चीच्या पन्हाळीच्या तोंडाशी शोधा. पाणी शिरतं ते याच जागांतून. तपासनीसाला तिथे मीटर खुपसू द्यायला मालक कां-कूं करत असेल तर समजून घ्या. अशा बऱ्याच घरांत भिंतीत पेंढाच आहे हे दाखवायला एक छोटी काचेची खिडकी ठेवलेली असते, तिला तिकडे 'सत्याची खिडकी' म्हणतात. ती उघडायला सांगा आणि नाक आत घाला. उन्हाळ्यातल्या गंजीचा वास आला तर पुढची बोलणी करा.