नोकरी न सोडता सोलापुरातून सीसीआयई सिक्युरिटी लॅबची तयारी होईल का?

तुम्ही लिहिलंय की सीसीआयई सिक्युरिटी या सिस्कोच्या नेटवर्क-सुरक्षा प्रमाणपत्राची लेखी परीक्षा, म्हणजे स्कोर (३५०-७०१), पास झालात, एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळता आणि आता लॅबसाठी, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेसाठी, नोकरी सोडून वर्षभर पुण्यात क्लास लावावा का, ते ठरत नाहीये. नोकरी अजिबात सोडू नका. मी जुळे सोलापुरातल्या घरातच तयारी केली. पहिल्या वेळी नापास झालो, दुसऱ्या वेळी पास. स्कोर पास झाल्यापासून ३ वर्षं हातात असतात, तेव्हा घाईचं काही कारण नाही.

पैसे घालायचेच असतील तर मशीनमध्ये घाला. एफएमसीला (फायरवॉल सांभाळणारं सॉफ्टवेअर) एकट्याला ३२ जीबी रॅम लागते, आयएसईच्या (नेटवर्कवर कोणाला घ्यायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर) लहानात लहान सेटअपला १६, प्रत्येक एफटीडीला (सिस्कोची फायरवॉल) ८. शिवाय विंडोज सर्व्हर आणि राउटर-स्विच आलेच. मी १२८ जीबीचा वापरलेला रॅक सर्व्हर घेतला आणि त्यावर ईव्ह-एनजी टाकलं, म्हणजे एकाच मशीनवर आभासी उपकरणांची लॅब उभी करणारं सॉफ्टवेअर. आयएसई आणि एफएमसी दोन्हींचं मूल्यांकन लायसन्स ९० दिवस चालतं, सरावाला तेवढं पुरतं. सर्व्हर माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे वरच्या खोलीत माणूस बसू शकत नाही, तिथं मशीन कुठून टिकणार. आणि इन्व्हर्टरवर भिस्त न ठेवता चांगला यूपीएस घ्या. लाइट गेली की आधी 'ॲप्लिकेशन स्टॉप आयएसई', मग 'हॉल्ट', एवढं करायला वेळ मिळाला पाहिजे. चालू आयएसईची वीज तुटली की डेटाबेस बिघडतो आणि सगळं पुन्हा बसवण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

लाइटवरूनच एक रविवार सांगतो, कारण तयारी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. शनिवारी रात्री बराच वेळ लाइट नव्हती. सकाळी सगळं सुरू केलं तर आयएसई ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (विंडोज सर्व्हरवरची खात्यांची यादी) जोडलं जाईना. मी खात्याचा पासवर्ड बदलला, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) तपासलं, डोमेनमधली जुनी नोंद काढून टाकली, दुपारी विंडोज सर्व्हर नव्यानं उभा केला. संध्याकाळी आईनं चहा आणून ठेवला तेव्हा सहज म्हणून त्या एररचा तपशील उघडला. आत स्वच्छ लिहिलं होतं: क्लॉक स्क्यू, म्हणजे घड्याळांतला फरक. सर्व्हरच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपत आली होती, विंडोज त्याच मशीनचं घड्याळ घेत होता आणि आयएसई एनटीपीचं, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सेवेचं. दोन्हींत ११ मिनिटांचा फरक. कर्बेरॉस, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीची ओळख पटवायची पद्धत, मुळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. सकाळी आठलाच तो तपशील वाचला असता तर दिवस वाचला असता.

तेव्हापासून कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी मी ठरलेल्या क्रमानं बघतो: घड्याळ, डीएनएस, राउटिंग, सर्टिफिकेट आणि सगळ्यात शेवटी पॉलिसी. तुम्हीही एखाद्या मित्राला तुमच्या लॅबमध्ये मुद्दाम बिघाड करायला सांगा. डीएमव्हीपीएनच्या (शाखांना जोडणारं सुरक्षित जाळं) हबवरची, म्हणजे मधल्या राउटरवरची, 'आयपी एनएचआरपी रिडायरेक्ट' ही ओळ काढ, एका टोकाची आयकेईव्ही२ची (व्हीपीएनच्या किल्ल्या ठरवणारी पद्धत) ओळख बदल, सीओएचा (जोडलेल्याची परवानगी मध्येच बदलणारा आयएसईचा संदेश) पोर्ट १७०० ऐवजी ३७९९ कर, असं काहीही. तुम्ही फक्त 'शो' आणि 'डीबग' या पाहणीच्या कमांड वापरून कारण शोधायचं आणि ते वहीत एका ओळीत लिहायचं. दुरुस्ती त्यानंतर. डीएमव्हीपीएन पाठ असणारे पुष्कळ भेटतात, पण ते बंद का पडलं हे दहा मिनिटांत सांगणारे थोडे.

परीक्षा ८ तासांची. पहिले ३ तास डिझाइन, पुढचे ५ तास प्रत्यक्ष काम, आणि एका भागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला मिळत नाही. मी पहिल्या वेळी नापास झालो तो डिझाइनमध्येच. तिथं हाताशी एकही उपकरण नसतं. नकाशे आणि इंग्रजीतली लांबलचक माहिती वाचून निर्णय घ्यायचे असतात आणि पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांनी हे फार मनावर घ्यावं. इंग्रजी कळतं, पण तीन तास सलग वाचायची डोळ्यांना सवय नसते. दुसऱ्या वेळेआधी मी पाच महिने रोज पहाटे तासभर सिस्कोचे डिझाइन गाइड वाचले आणि प्रत्येक पानानंतर स्वतःला विचारलं, 'इथं ग्राहकाला नेमकं काय नकोय?' या एका सवयीनं मला पास केलं असं मी मानतो.

परीक्षेतले प्रश्न मी सांगणार नाही, तसं लिहून दिलेलं असतं. 'खऱ्या लॅब' म्हणून जे विकलं जातं त्याच्या वाटेला जाऊ नका. पकडले गेलात तर प्रमाणपत्र जाईलच. नाही पकडले गेलात तरी नोकरीवर रात्री दोनला फायरवॉल बसली की ते पाठांतर कामाला येणार नाही, आणि तेव्हा कारखाना तुमच्या भरवशावर असेल.

केंद्रासाठी बंगळूर गाठा. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, पण परीक्षेच्या दिवशी सकाळी उतरायचा बेत करू नका. एक दिवस आधी पोचा आणि रात्री नीट झोपा. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या, परक्या गावात पोट बिघडायला नको. तुमच्या मशीनची रॅम किती आहे ते खाली लिहा, त्यात काय काय बसेल ते सांगतो.