जावेकडे फॉल-पिकोचे पैसे कसे मागू?

सोलापुरात संक्रांत, गड्ड्याची जत्रा आणि मागोमाग लग्नसराई आली की हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशकाकडे, हमखास येतो. विचारणारी कधी ब्लाउज शिवणारी, कधी शेंगाचटणी करून विकणारी. शब्द तेच: "आपलीच माणसं हैत ओ, पैसे कसे मागू?" अशा अनेकींची मिळून ही एक गोष्ट. त्यांना शोभाताई म्हणू. अशोक चौकाजवळ घरातच मशीन.

पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही, वही दिली. पंधरा दिवस प्रत्येक फुकट काम लिहायचं: कोणाचं, किती मिनिटं, सामान कितीचं.

११ साड्या निघाल्या. फॉल आधी भिजवून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसून काठाला चुण्या पडतात. मग इस्त्री, हातटाके, पदराला पिको. साडीमागे ५० मिनिटं, फॉल-दोरा ३५ रुपये. म्हणजे नऊ तासांवर वेळ आणि ३८५ रुपये. तेवढ्यात अस्तराचे तीन ब्लाउज झाले असते. ते रखडले आणि रोख देणारं एक गिऱ्हाईक तुटलं. फुकटचं काम कायम तातडीचं असतं!

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "जाऊबाई साडी घेऊन गेल्या. साधं 'छान झालंय' पण नाही."

"म्हणायला हवं होतं?"

"हवंच होतं."

"मग ते फुकट कुठं होतं, ताई? उधारी होती. फक्त त्यांना सांगितलेली नव्हती."

त्या गप्प झाल्या. मग वही ओढून जावेच्या नावापुढचं 'फुकट' खोडलं आणि 'बाकी' लिहिलं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी; 'असं झालंच पाहिजे' हा हट्ट माणसाला छळतो, असं ते म्हणत. त्यामुळे बोलण्यातला 'च' मला पटकन ऐकू येतो. इथं दोन होते: मी सगळ्यांना आवडलेच पाहिजे, आणि त्यांनी न सांगता जाणलंच पाहिजे. ते दिसले की बाकीचं सरावाचं.

भाव साडी हातात घेतानाच सांगायचा. पिशवी देताना सांगितला तर समोरच्यानं तोवर मनात शून्य धरलेलं असतं. "फॉल-पिको १२० रुपये, गुरुवारी मिळेल." पुढं 'चालेल ना?' नको. दोरा महागला वगैरेही नको, कारण दिलं की घासाघीस तिथूनच सुरू होते. मायेनं द्यायचंच तर महिन्याला दोन कामं, तीही पावतीवर १२० लिहून, खाली सूट १२०. नवऱ्याशी आधी बोलावं; नाहीतर "वहिनीकडून कसले पैसे?" म्हणून तोच मोकळा होतो. आणि सुरुवात नव्या गिऱ्हाइकापासून करावी, घरच्यांपासून नाही.

शोभाताईंनी जावेला सगळ्यात शेवटी सांगितलं. जाऊबाईंनी १२० मोजले आणि दुसऱ्या दिवशी चार ब्लाउजपीस घेऊन आल्या. "इतके दिवस बाहेर टाकत होते की गं. फॉलचं ठीक, पण ब्लाउज तुला फुकट कसे सांगायचे?"