आधी बघू दे

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. नोव्हेंबरच्या आकाशदर्शनात शनी बघून एका काकांनी विचारलं, "कडी कुठाय?" दुसऱ्यांनी साडेसातीचं काढलं. तू माईक घेऊन समजावत बसलीस आणि तोवर निम्मी रांग घरी गेली. आता विचारतेस, स्लाइड वाढवू का?

काही वाढवू नकोस. आधी बघू दे.

2003च्या जानेवारीत एका गावी शाळेच्या पटांगणात आम्ही सहा इंची दुर्बीण लावली होती. त्या वर्षी शनीची कडी आपल्याकडे कललेली, म्हणजे चांगली उघडलेली होती. आधी सरपंचांचा सत्कार, नारळ, शाल. मग मी, प्रकाशवर्ष म्हणजे काय ते सांगत. पुढेच एक आजी बसल्या होत्या, लांबच्या वाडीवरून आलेल्या. तासाभराने नातू म्हणाला, शेवटची एसटी चुकेल. त्या उठल्या, जाताना दुर्बिणीच्या नळीवरून हात फिरवला आणि गेल्या. शनी दोन पावलांवर होता आणि मी वाक्य पुरं करत राहिलो. तो हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: सत्कार नंतर, शनी आधी. त्यापायी दोन ठिकाणी मला बोलावणं बंद झालं. होऊ दे. "सर काही सांगतच नाहीत" हेही कानावर येतं. सांगतो की! पण डोळा लावून झाल्यावर. आयपीसवरून मान वर केली की माणूस स्वतःच काहीतरी विचारतो. मी तेवढ्यासाठी थांबतो, आणि त्यात माझं काही चुकतंय असं मला आजही वाटत नाही.

त्या काकांचंच घे. इतका मोलाचा प्रश्न आला आणि तू ओशाळलीस? गॅलिलिओने 1610 मध्ये शनी पाहिला, तेव्हा त्याच्या दोन बाजूंना काहीतरी दिसलं. 1612 मध्ये ते नाहीसं झालं आणि तो चक्रावला. ते कडं आहे हा उलगडा हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने छापला 1659 मध्ये. काकांना गॅलिलिओचं 1612 मधलंच दिसलं गं! मार्च 2025 मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणजे आपण त्यांच्याकडे बरोबर कडेवरून बघत होतो; नोव्हेंबरातही कडी जेमतेम रेघेएवढीच होती. वहीचा कागद त्यांच्या डोळ्यांसमोर आडवा, नुसती कड दिसेल असा धरायचास, काम झालं असतं.

साडेसातीवाल्यांशी भांडू नकोस. शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका राशीत अडीच आणि तीन राशींत साडेसात. हा हिशेब कुणीतरी रात्री वर बघूनच मांडला. त्याचा कुणाच्या नशिबाशी संबंध नाही, हे ठणकावून सांग. पण आधी बघू दे.

आणि दुर्बीण सोडून माईककडे जायचंच कशाला? तुझ्या दुर्बिणीला मोटर नाही, मिनिटा-दोन मिनिटांत शनी सरकून बाहेर जातो. मागच्या माणसाला नुसता अंधार दिसतो आणि तो भिडेपोटी "दिसलं, दिसलं" म्हणून निघून जातो. प्रत्येकामागे तू स्वतः डोळा लावून बघ. पोरांसाठी स्टूल ठेव. गुडघे दुखणाऱ्यांना आणि लांब जायचं असलेल्यांना रांगेत पुढे घे. समजावून सांगायची रील घरी बसून कर, माझी ना नाही.

कडी आता दर वर्षी थोडी उघडत जाईल, 2032च्या सुमारास पुरती. काकांचा नंबर घेतला असशील तर पुढच्या हिवाळ्यात त्यांना फोन कर. पहिले उभे राहतील ते काका. आणि ते मान वर करेपर्यंत तू एक अक्षर बोलू नकोस.

— सर