'स्टेद्झ'ला मराठीत काय म्हणायचं? धक्का, बंदर की अजून काही?

प्रश्न असा होता की इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावरच्या स्टेद्झ या गावाच्या नावाचा अर्थ काय, आणि त्याला मराठीत 'बंदर' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते बंदर नको. बंदर म्हटलं की गोदी, जकात, मोठी गलबतं असं सगळं डोळ्यासमोर येतं आणि हे गाव म्हणजे दोन कड्यांच्या बेचक्यात चिकटलेली कोळ्यांची वस्ती.

जुन्या इंग्रजीत 'स्टॅथ' म्हणजे काठ, किनारा. त्यावरून होड्या लागायची जागा ती स्टेद, आणि अनेकवचन स्टेद्झ. गावातले जुने लोक मात्र उच्चार 'स्टिअर्झ'च्या जवळपास करतात, मला तर तोच जास्त गोड वाटतो.

गंमत म्हणजे हाच शब्द न्यूकॅसलकडे कोळशाच्या धंद्यात गेला. तिथे टाईन नदीवर डन्स्टनला 1893 साली लाकडाचा भला मोठा स्टेद उभा राहिला, वरून रेल्वेच्या वाघिणी यायच्या आणि कोळसा खाली जहाजात ओतायच्या. त्याला आपला 'धक्का' अगदी फिट्ट बसतो, भाऊचा धक्का म्हणतो तसा, कारण तिथे बांधकाम आहे. पण स्टेद्झ गावातल्या कोबल नावाच्या होड्या, पुढून उंच आणि मागे सपाट बुडाच्या, मुद्दाम अशा बांधलेल्या की थेट वाळूवर घेता येतील. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ, काठ, इथे जास्त जिवंत राहिला.

1745 मध्ये सोळा वर्षांचा जेम्स कूक, पुढे कॅप्टन कूक म्हणून गाजला तोच, इथे सँडरसन नावाच्या दुकानदाराकडे कामाला लागला, जेमतेम दीड वर्ष टिकला आणि मग व्हिटबीला जहाजावर गेला. ते दुकान नंतर समुद्राने गिळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून 80 होड्या मासेमारीला जायच्या, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात.

म्हणून मी 'होड्यांचा काठ' असं सुचवेन. 'लागणे' वरून काही करता आलं असतं तर फार आवडलं असतं, कारण आपल्याकडे होडी काठाला 'लागते' हेच नेमकं क्रियापद आहे, पण 'बोट लागणे' म्हटलं की लोकांना आधी मळमळ आणि उलटीच आठवते.