‘पुट ऑफ’ला समानार्थी शब्द कोणते आणि ते रोजच्या बोलण्यात कसे वापरावे?

‘पुट ऑफ’ म्हणजे एखादे काम पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे. ‘पोस्टपोन’ आणि ‘डिफर’ हे त्याचे जवळचे समानार्थी शब्द आहेत. मात्र ‘पोस्टपोन’ सूचनाफलकावर शोभतो, ‘डिफर’ कार्यालयीन पत्रात, आणि घरगुती बोलण्यात ‘पुट ऑफ’च सहज येतो.

रावेरच्या बागायतदाराने पावसामुळे केळीची काढणी दोन दिवस पुढे नेली, तर ‘वुई पुट ऑफ द हार्वेस्ट’ असे म्हणता येईल (भूतकाळातही रूप ‘पुट’च राहते), पण ‘हार्वेस्ट’च्या जागी सर्वनाम आले, की ते मधेच बसते, म्हणजे ‘वुई पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ हे चूक आहे, आणि आमच्याकडची बहुतेक मुले नेमकी इथेच अडखळतात. पुढे दुसरे क्रियापद आल्यास त्याला ‘इंग’ लागते: ‘ही कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ इथे आपला ‘चालढकल’ हा शब्द चपखल बसतो.

‘कॉल ऑफ’शी मात्र गल्लत करू नये, कारण त्याचा अर्थ रद्द करणे असा होतो. जळगावातले लग्न ‘पुट ऑफ’ झाले, तर वऱ्हाडी नवी तारीख विचारतात. ‘कॉल ऑफ’ झाले, तर कोणी काही विचारत नाही.

‘पुट ऑफ’चा आणखी एक अर्थ मन उडणे असा आहे. भरताचे वांगे वाळक्या काड्यांवर भाजताना पार करपले आणि त्या वासाने जेवणावरची इच्छाच गेली, तर ‘द स्मेल पुट मी ऑफ’ असे म्हणावे.