अमेरिकन फुटबॉलमधला फुलबॅक चेंडू क्वचितच हाती घेतो, मग त्याची कारकीर्द मोजायची कशी?

आपण विचारले आहे की, ज्या खेळाडूच्या हाती संपूर्ण सामन्यात जेमतेम एक-दोनदा चेंडू येतो, त्या फुलबॅकला व्यावसायिक संघ पगार कशासाठी देतात आणि त्याची कारकीर्द थोर की सुमार हे कशावरून ठरवायचे. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. 2004 ते 2007 या काळात मी शिक्षणासाठी सॅन दिएगोत होतो आणि पैसे साठतील तसा तेथील चार्जर्स संघाचे सामने पाहायला जात असे. तिकीट सर्वांत वरच्या सज्जातले, म्हणजे स्वस्तातले असे. पण तेथून दोन्ही संघांची मांडणी बुद्धिबळाच्या पटासारखी एका नजरेत दिसते, आणि त्यामुळेच माझे लक्ष लोरेन्झो नील या फुलबॅककडे गेले. आपल्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच्याच कारकिर्दीच्या आधारे देतो.

आधी कामाचे स्वरूप सांगितले पाहिजे. पूर्वी फुलबॅक हाच मुख्य धावपटू असे. 1957 ते 1965 या काळात क्लीव्हलंडकडून खेळलेला जिम ब्राउन हा फुलबॅकच होता आणि नऊपैकी आठ हंगामांत धावांच्या यार्डांत, म्हणजे चेंडू घेऊन धावत कापलेल्या अंतरात, तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. पुढे मांडणी बदलली. डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे सुमारे चार यार्डांवर फुलबॅक आणि त्याच्या मागे आणखी तीन यार्डांवर चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक, अशी सरळ रेष आखली जाऊ लागली. चेंडू मागच्याला मिळतो. पुढच्याने प्रतिस्पर्ध्यांच्या फळीत पडलेल्या फटीतून घुसायचे, समोरून धावत येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, छातीवर घ्यायचे आणि वाटेतून बाजूला काढायचे. दोघेही शंभर किलोंच्या वरचे आणि दोघेही पूर्ण वेगात असतात. अशा टकरीत ज्याचे खांदे खाली राहतात तो जिंकतो. ताठ उभा राहणारा उताणा पडतो.

नील त्यात इतका वरचढ का ठरला, हे मराठी वाचकाला चटकन समजेल. फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात असताना तो फुटबॉलबरोबर कुस्तीही खेळत असे आणि त्यातही राष्ट्रीय पातळीवर त्याचे नाव झाले होते. पट काढायला जाणारा मल्ल जसा कंबरेतून वाकून प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरतो, तसाच नील शेवटच्या दोन पावलांत खाली जाई आणि मग वर उसळे. उंची सुमारे पाच फूट अकरा इंच, वजन 115 किलोंच्या आसपास. वरच्या सज्जातून टकरीचा आवाज ऐकू येत नसे. दिसे ते एवढेच की एक ठिपका अचानक मागे सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेतून 21 क्रमांकाचा खेळाडू, म्हणजे चार्जर्सचा रनिंग बॅक लाडेनियन टॉमलिन्सन, निघून गेला.

1993 साली न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्सनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, चौथ्या फेरीत घेतले. खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलण्याची आजच्या स्वरूपातील मोकळीक त्याच वर्षी मिळाली, आणि नीलची कारकीर्द त्या मोकळिकीवरच घडली. सेंट्सनंतर जेट्स, टँपा बेचे बकेनियर्स, टेनेसीचे टायटन्स, सिनसिनाटीचे बेंगल्स, चार्जर्स आणि 2008 मध्ये बाल्टिमोरचे रेव्हन्स, असे सोळा हंगामांत सात संघ झाले. आता खरी मोजपट्टी पाहा. 1997 मध्ये जेट्सच्या एड्रियन मरेलने त्याच्या मागून एका हंगामात हजार यार्डांचा टप्पा ओलांडला; चांगल्या धावपटूची ती खूण मानतात. 1998 मध्ये वॉरिक डनने, पुढची दोन वर्षे एडी जॉर्जने, त्यानंतरची दोन कोरी डिलनने आणि 2003 ते 2007 अशी सलग पाच वर्षे लाडेनियन टॉमलिन्सनने. चार वेळा संघ बदलला, प्रशिक्षक बदलले, धावपटू बदलले, तरी सलग अकरा वर्षे नील ज्याच्या पुढे उभा राहिला त्याने हजारी गाठली. स्वतः नीलच्या सोळा हंगामांतील धावांची बेरीज मात्र हजार यार्डही भरत नाही. माझ्या मते फुलबॅकच्या कारकिर्दीविषयी यापेक्षा बोलके आकडे दुसरे नाहीत.

2006 च्या हंगामात टॉमलिन्सनने 1,815 यार्ड आणि एकूण 31 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) केले; टचडाउनचा हा आकडा आजवरचा उच्चांक आहे. डिसेंबरमध्ये डेन्व्हरविरुद्ध त्याने जुना उच्चांक मोडला तेव्हा मी सॅन दिएगोच्या मैदानात होतो. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले, भोवतालचे लोक रडत होते, आणि मी दुर्बिणीतून 41 क्रमांक, म्हणजे नीलला, शोधत होतो.

फुलबॅकला किक परतवणाऱ्या तुकडीतही राबावे लागते. 8 जानेवारी 2000 रोजी बफेलोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात टायटन्स एका गुणाने मागे होते आणि 16 सेकंद उरले होते. बफेलोची किक आखूड पडली आणि ती झेलली नीलने. त्याने चेंडू फ्रँक वायचेककडे सोपवला, वायचेकने मैदानाच्या दुसऱ्या बाजूला केव्हिन डायसनकडे फेकला आणि डायसन 75 यार्ड धावत गेला. त्या प्रसंगाच्या आठवणींत वायचेक आणि डायसन यांचीच नावे घेतली जातात, याचे मला आजही वाईट वाटते.

मानसन्मान मिळाले नाहीत असे नाही. चार वेळा प्रो बोल या हंगामातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड आणि 2000 च्या दशकाच्या सर्वोत्तम संघात फुलबॅक म्हणून निवड, हे मोठेच सन्मान आहेत. पुढच्या दशकाच्या अशाच संघात मात्र फुलबॅकसाठी जागाच ठेवलेली नव्हती. फेकीवर भर वाढला, तसे संघ फुलबॅकऐवजी फेक झेलणारा तिसरा रिसीव्हर उतरवू लागले. 53 जणांच्या चमूत केवळ वाट मोकळी करणारा माणूस ठेवणे अनेकांना परवडेनासे झाले. जे टिकले त्यांना बहुगुणी व्हावे लागले. हार्वर्डमधून आलेल्या काइल यूसचेकला सॅन फ्रान्सिस्कोने 2017 मध्ये चार वर्षांसाठी 2.1 कोटी डॉलरचा करार दिला, कारण तो वाट काढतो तितक्याच सफाईने फेक झेलतो.

आपल्याला हे स्वतः पडताळायचे असेल, तर 2006 मधील चार्जर्सच्या एखाद्या सामन्याचे चित्रण मिळवा. पहिल्यांदा पाहताना टॉमलिन्सनवरून नजर हटणार नाही. दुसऱ्यांदा चेंडूकडे न पाहता 41 क्रमांकाकडे पाहा आणि टॉमलिन्सनला पहिला हात कोणत्या यार्डावर लागतो, तेवढे टिपून ठेवा.